'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' : या गाण्यात एवढं काय आहे?

मुग्धा_क

नमस्कार मंडळी. इथे कंट्री म्युझिकवर फारसे धागे दिसले नाहीत, म्हणून नवीन काढते आहे.

आमच्या टीममध्ये टेनेसीचा एक जण आहे. मागे एकदा कॉल संपल्यावर गाण्यांचा विषय निघाला. मी म्हटलं, कंट्री म्हणजे मला जॉन डेन्व्हर तेवढा ठाऊक. त्यावर तो समजुतीचं हसला आणि म्हणाला, जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' ऐक, मग बोलू. त्याच्या मते कंट्रीत याच्यावर गाणं नाही.

ऐकलं. पुन्हा ऐकलं. एक माणूस एका बाईवर मरेपर्यंत प्रेम करत राहतो, तिची पत्रं जपतो, मग मरतो आणि त्या दिवशी ती येते. मागे व्हायोलिनांचा पूर. मधेच गायचं थांबवून बुवा चक्क बोलायला लागतात! खरं सांगू, मला ते भयंकर रडकं वाटलं. नेटवर शोधलं तर जो तो लिहितो की त्याची बायको टॅमी विनेट त्याला सोडून गेली होती आणि हे त्याचंच दुःख आहे. खरं आहे का हे? आणि नसेल तर चाळीस वर्षं उलटून गेली तरी लोक याच गाण्याला का धरून बसलेत? टिंगल करायची नाहीये. सोमवारी त्याला काहीतरी शहाण्यासारखं सांगता यावं, इतकंच.

नचिकेता

सोमवारी त्याला 'छान आहे' म्हणा आणि विषय बदला. कंट्रीत तीनच विषय असतात : दारू, ट्रक आणि सोडून गेलेली बायको. या गाण्यात ट्रक नाही एवढंच.

बोमाँटकर

नचिकेता, मृतदेह न्यायला गाडी लागतेच, तेव्हा ट्रकही आला म्हणायचा.

मुग्धा, उत्तर लांबणार आहे. चहा करून घे.

मी मूळचा चिपळूणचा, पण नोकरी सगळी टेक्सासच्या आग्नेय कोपऱ्यात झाली, बोमाँट आणि पोर्ट आर्थरच्या रिफायनऱ्यांत. १९०१ च्या जानेवारीत इथल्या स्पिंडलटॉपच्या टेकाडातून तेलाचं कारंजं उडालं आणि तेव्हापासून या भागाचं पोट त्याच्यावर. मी आलो तेव्हा मला कंट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं. घरी माणिक वर्मा आणि कुमार. पण शटडाऊनच्या (दुरुस्तीसाठी रिफायनरी बंद ठेवतात त्या) काळात बारा-बारा तासांच्या पाळ्या असायच्या, वेल्डर आणि पाइपफिटर सगळे आसपासच्या खेड्यांतले, आणि त्यांच्या पिकअपमधला रेडिओ कंट्रीच्या स्टेशनवरून हलायचा नाही. जोन्स लागला की मात्र त्यांचा चेहराच बदलायचा, कारण हा त्यांचा गाववाला.

जन्म १२ सप्टेंबर १९३१, सॅराटोगा नावाच्या खेड्यात. 'बिग थिकेट' म्हणतात त्या पाइनच्या आणि दलदलीच्या रानात. बाप मोलमजुरी करणारा, लाकूडकामातला, युद्धाच्या काळात बोमाँटच्या जहाज कारखान्यात लागला. जॉर्जच्या जन्माआधी त्यांची एक मुलगी तापाने गेली होती आणि बाप तेव्हापासून जो प्यायला लागला तो लागलाच. रात्री झिंगून घरी यायचा, पोराला झोपेतून उठवायचा आणि गायला लावायचा. नाही गायलं तर मार. जोन्सने हे स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. हेच पोर पुढे गिटार घेऊन बोमाँटच्या रस्त्यावर गायचं आणि येणारे-जाणारे नाणी टाकायचे. आमच्या एका म्हाताऱ्या फोरमनचं म्हणणं असायचं की त्याच्या आईने त्या पोराला पैसे दिले होते. अशी आई बोमाँटमध्ये घरटी एक आहे. सगळ्यांनी खरंच दिले असते तर जोन्स गायक न होता सावकार झाला असता.

पहिली रेकॉर्ड १९५४ ची, स्टारडे कंपनीची. स्टुडिओ म्हणजे बोमाँटमधल्या एका घराची खोली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे मारलेले. बाहेरच्या हायवेवरून मोठा ट्रक गेला की गाणं पहिल्यापासून. (नचिकेता, घे तुझा ट्रक.) १९५९ साली 'व्हाइट लाइटनिंग' हे त्याचं पहिलं एक नंबरचं गाणं. ते लिहिलं होतं बोमाँटच्याच जे. पी. रिचर्डसनने, म्हणजे 'बिग बॉपर'ने, जो त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला रॉक अँड रोल गायक बडी हॉलीबरोबर विमान अपघातात गेला.

आता टॅमीचं. दोघांचं लग्न १९६९ चं, घटस्फोट १९७५ चा. हे गाणं १९८० चं. लिहिणारे बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन. म्हणजे जोन्सने ते लिहिलेलं नाही, आणि ते त्याच्यासाठी म्हणूनही लिहिलेलं नव्हतं. जॉनी रसेल नावाच्या गायकाने आधी ते रेकॉर्डही केलं होतं, पण बाजारात आलं नाही. गंमत बघ, याच ब्रॅडॉक-पटमन जोडीने १९६८ साली टॅमीला 'डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई' (म्हणजे 'डिव्होर्स'ची अक्षरं सुटी सुटी) हे गाणं लिहून दिलं होतं. कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल, पण हे असं छोटं गाव आहे. सगळ्यांची घटस्फोटाची गाणी त्याच दोन-चार कपाटांतून निघतात.

तेव्हा 'स्वतःचंच दुःख गायलं' ही लोकांनी मागाहून चिकटवलेली गोष्ट आहे. लोकांना दोष देत नाही. हे दोघे घटस्फोटानंतरसुद्धा एकत्र प्रेमगीतं गात होते आणि लोक विकत घेत होते. 'गोल्डन रिंग' १९७६ साली एक नंबरला गेलं, तोवर यांच्या स्वतःच्या अंगठ्या उतरून वर्ष होऊन गेलं होतं. ऐकणाऱ्याने काय समजायचं?

पण १९७९-८० मधला जोन्स कुठल्या अवस्थेत होता ते कळल्याशिवाय हे रेकॉर्डिंग कळणार नाही. दारू होतीच, वर कोकेन. दिवाळं काढलेलं. ठरलेल्या कार्यक्रमांना जायचाच नाही, म्हणून नावच पडलं 'नो शो जोन्स'. स्टेजवर आला तरी कधी डोनाल्ड डकच्या आवाजात गायचा, कारण त्याच्या डोक्यात एक बदक बोलायचं. हसू नकोस, खरंच बोलायचं, त्या बदकाला त्याने नावही दिलं होतं. १९७९ च्या डिसेंबरात त्याला अलाबामात बर्मिंगहॅमच्या मनोरुग्णालयात ठेवलं.

अशा माणसाकडून बिली शेरिलने हे गाणं काढून घेतलं. शेरिल त्याचा प्रोड्युसर, आणि टॅमीचाही. गाण्याचा पहिला खर्डा शेरिलला पटला नव्हता. त्याने दोघांना पुन्हा पुन्हा लिहायला लावलं, आणि ती बाई शेवटी यायलाच हवी हा हट्ट त्याचा. जोन्सला चाल बसेना. तो सारखा क्रिस क्रिस्टॉफरसनच्या 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट'च्या चालीवर घसरायचा. आणि तुला खटकला तो बोलण्याचा भाग? चारच ओळी आहेत. शेरिल सांगायचा की गायलेला भाग आणि त्या चार ओळी यांच्यात दीड वर्षाचं अंतर आहे, कारण जोन्स गाताना शुद्धीवर असल्यासारखा गायचा, पण बोलायला लागला की जीभ जड. प्यालेला माणूस गाऊ शकतो, बोलू शकत नाही. इतकं करून गाणं पुरं झालं तेव्हा जोन्सचं मत काय, तर असलं मढ्याचं गाणं कोणी विकत घेणार नाही. मूळ शब्द शिवीसकट आहेत, ते इथे नको.

आणि इथेच मला काय म्हणायचंय ते येतं. कागदावर त्याचं म्हणणं बरोबर होतं. फक्त शब्द वाच. हा विनोद आहे. काळा विनोद, पण विनोदच. त्याची बांधणी चुटक्याची आहे. एक मित्र सांगतोय : याने तिला सांगितलं होतं, मरेपर्यंत प्रेम करीन. ती म्हणाली, विसरशील हळूहळू. वर्षं गेली. भिंतीवर तिचा फोटो, उशाशी १९६२ ची पत्रं, त्यांतल्या प्रेमाच्या प्रत्येक वाक्याखाली लाल रेघ. मग मित्र म्हणतो, आजच भेटून आलो, डोळ्यांत पाणी नव्हतं, छान कपडे घातलेले, कुठेतरी निघाल्यासारखा, कितीतरी वर्षांनी हसताना दिसला. तुला वाटतं, सुटला बिचारा. आणि मग कळतं की आज त्याने प्रेम करायचं थांबवलं ते का. दारावर मयताचा हार लागलाय. शेवटच्या बोललेल्या ओळीत तर मित्र अक्षरशः कोटी करतो की या खेपेला मात्र तो तिच्यातून कायमचा बाहेर पडला.

हेच कुठल्या हजरजबाबी गायकाने डोळा मारून म्हटलं असतं तर बारमध्ये हशा पिकला असता. जोन्सने त्या चुटक्याचं शोकगीत केलं, आणि तेही रडून नव्हे. तो रडत नाही हे तू पुन्हा ऐकशील तेव्हा लक्ष दे. सुरुवातीची कडवी तो जवळजवळ बातमी सांगितल्यासारखी खालच्या पट्टीत म्हणतो. त्याची गायची पद्धतच अशी की जबडा धड उघडायचा नाही, दातांमागून सूर सोडायचा. शब्द धरायचा, पिळायचा, वरच्या सुरावरून खाली घसरू द्यायचा, पण हंबरडा फोडायचा नाही. मुखड्यावर आवाज वर जातो तेव्हाही तो मोकळा सुटत नाही. व्हायोलिनांना जे मोठ्याने म्हणायचंय ते म्हणू दे, हा दाबूनच म्हणणार. दोघांत ही जी रस्सीखेच आहे ना, तिच्यात सगळं आहे. नुसती व्हायोलिनं ऐकलीस तर रडकं वाटेल, बरोबर आहे तुझं.

सोमवारी एवढं सांगितलंस तर तुझा टेनेसीवाला गप्प बसेल.

तंतुवाद्य

काकांनी गळ्याबद्दल लिहिलंच आहे, मी वाजवणाऱ्यांबद्दल थोडं लिहितो. मी स्टील गिटार वाजवतो (हौशी, लग्नाकार्यांत, कोणी हाकलेपर्यंत).

या रेकॉर्डचं संयोजन ध्यान देऊन ऐका. सुरुवातीला वाद्यं जेमतेम. तोंडाचा बाजा, गिटार, खाली बास. प्रत्येक कडव्याला एकेक गोष्ट आत येते. मधेच पट्टी किंचित वर सरकते, इतकी अलगद की लक्षात येऊ नये. मुखड्याच्या वेळी व्हायोलिनं खालून वर चढत जातात, शवपेटी उचलावी तशी. बोलण्याच्या भागामागे एका बाईचा उंच, शब्द नसलेला आवाज येतो, ती मिली कर्कम. एल्व्हिसच्या 'ब्लू ख्रिसमस'मधला तो 'ऊऽऊ' तिचाच. शेरिलवर जुन्या वळणाच्या लोकांचा राग होता की त्याने कंट्रीवर साखर ओतली. ओतलीच. पण या गाण्यात त्याने ती कुठे ओतायची नाही हेही ओळखलं.

जाता जाता, कंट्रीचा तो रडवेला घसरता सूर आपल्याला परका नाही. स्टील गिटार मूळ हवाईची, १८८० च्या दशकात तिथल्या जोसेफ केकुकूने लोखंडाचा तुकडा तारांवरून सरकवायची पद्धत बसवली असं मानतात. तीच पद्धत पश्चिमेला जाऊन पेडल स्टील झाली आणि आपल्याकडे येऊन हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरली. व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवरच्या फिल्मी धुनांच्या तबकड्या आपल्या आधीच्या पिढीच्या घरोघरी होत्या. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले. मींड म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला जोन्सचा गळा समजायला वेळ लागू नये.

नचिकेता

काकांचा प्रतिसाद आवडला, विनोदाचा मुद्दा पटलाही. तरी एक शंका. मरेपर्यंत झुरणारा पुरुष म्हणजे थोर, ही आपल्याकडची देवदासगिरीच नाही का? बाईने एकदा नाही म्हटलं, विषय संपला. हा वीस वर्षं भिंतीवर फोटो लावून बसतो आणि आपण टाळ्या वाजवतो. शिवाय खुद्द जोन्सच्या दारूचे किस्से लोक किती कौतुकाने सांगतात! ते गवत कापायच्या यंत्राचं तर सगळ्यांना पाठ. या माणसाबरोबर ज्या बायकांना राहावं लागलं त्यांचं काय?

बोमाँटकर

दोन वेगळे प्रश्न आहेत, दुसरा आधी घेतो कारण तिथे तुझं बरोबर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : साठच्या दशकाच्या शेवटी, दुसरी बायको शर्ली असताना, घरात दारू संपली. शर्लीने गाड्यांच्या सगळ्या किल्ल्या लपवून ठेवल्या होत्या. दारूचं दुकान आठ मैलांवर. जोन्सने खिडकीतून बाहेर पाहिलं तर अंगणात बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र उभं, किल्ली त्यालाच. बसला आणि गेला. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट वर्षातून चार वेळा तरी व्हायची आणि दर वेळी यंत्राचा वेग कमी होत जायचा. मीही हसलोय. पण किल्ल्या लपवणारी बाई त्या गोष्टीत कुणाला आठवत नाही, हे तू म्हणतोस ते खरं. टॅमीच्या आठवणी वाचल्या तर हसू येत नाही. सावरला तोही कुणामुळे, तर १९८३ साली लग्न केलेल्या नॅन्सीमुळे, असं तोच सांगायचा. आणि तरीही १९९९ च्या मार्चमध्ये दारू पिऊन गाडी पुलावर आपटून घेतलीच, मरता मरता वाचला. त्यानंतर मात्र सुटली. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. आदर्श म्हणून पोरांसमोर ठेवावा असा माणूस नव्हे.

गाण्याबद्दल मात्र असहमत. देवदासात सगळं देवदासाच्या बाजूने चालतं. इथे तो माणूस एक वाक्य बोलतो, तेही पहिल्या ओळीत, मग मरेपर्यंत गप्प. सांगणारा मित्र आहे, आणि हा मित्र त्याला थोर म्हणत नाही. उलट म्हणतो, अधूनमधून अर्धा वेडा व्हायचा. आणि बाईला कोणी काही बोलत नाही. तिने त्याला शहाणपणाचं तेच सांगितलं होतं जे तू सांगतोयस, वेळ जाऊ दे, विसरशील. शेवटी ती येते. का येते, रडते का, काही सांगितलेलं नाही. ती येईल का असं सगळे मनात म्हणत होते, एवढंच. मला ते 'सगळे' फार आवडतात. मयताला जमलेली माणसं दाराकडे बघत असतात, कोण आलं, कोण नाही. चिपळूण काय आणि सॅराटोगा काय.

जोन्सचं अगदी खरं देवदासछाप गाणं हवं तर १९६२ चं 'शी थिंक्स आय स्टिल केअर' ऐक. त्यात नायक तोंडाने म्हणत राहतो की मला तिचं काही नाही, आणि प्रत्येक ओळ त्याला खोटं पाडते. बायदवे, वर्ष तेच, पत्रांवरचं. योगायोग असेल, पण रेडिओवर आयुष्य काढलेल्या माणसांना १९६२ म्हटल्यावर कुठला आवाज आठवला असेल ते सांगायला नको.

शैला_नॅशव्हिल

मी नॅशव्हिलला पंचवीसेक वर्षं आहे. कंट्री आवडायला बरीच वर्षं गेली, आता मुलीपेक्षा मीच जास्त ऐकते.

या गाण्याने त्याचं काय केलं हे इथल्या लोकांकडून ऐकावं. १९८० च्या जुलैत एक नंबर, सहा वर्षांत पहिल्यांदा एकट्याच्या नावावर. ग्रॅमी मिळालं. कंट्री म्युझिक असोसिएशनने 'साँग ऑफ द इयर' १९८० ला दिलं आणि १९८१ ला परत त्याच गाण्याला दिलं. त्याने स्वतः लिहिलंय की चार दशकांची कारकीर्द तीन मिनिटांच्या गाण्याने वाचवली. (चार दशकं कशी मोजली कोण जाणे, १९५४ पासून धरली तर अडीचच होतात. पण इथे कोणी त्याच्याशी वाद घालत नाही.) नंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीतही घेतलं.

२६ एप्रिल २०१३ ला तो गेला. त्याच महिन्यात ६ तारखेला नॉक्सव्हिलला शेवटचा कार्यक्रम केला होता. २ मे ला ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या जुन्या रेडिओ कार्यक्रमाच्या सभागृहात अंत्यविधी झाला, सर्वांना खुला, टीव्हीवरही होता. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कामं झालीच नाहीत. कंट्री गायक ॲलन जॅक्सनने हे गाणं म्हटलं. मुग्धा, तू म्हणतेस रडकं आहे, आणि ते अंत्यविधीला म्हणायचं म्हणजे कोणालाही वाटेल की अति होणार. पण जॅक्सनने ते अगदी सरळ, नक्षी न करता म्हटलं. यूट्यूबवर आहे, बघ. हा तोच ॲलन जॅक्सन, ज्याने १९९९ च्या पुरस्कार सोहळ्यात स्वतःचं गाणं मधेच तोडून जोन्सचं 'चॉइसेस' म्हटलं होतं. जोन्सला तिथे पूर्ण गाणं म्हणू द्यायला आयोजक तयार नव्हते, म्हणून तो गेलाच नव्हता, आणि याने असा जाब विचारला.

जोन्स वुडलॉन स्मशानभूमीत आहे. टॅमीही तिथेच आहे. पाहुणे आले की मी नेते, अर्ध्या तासात दोघांकडे जाऊन होतं.

मुग्धा_क

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काकांनी सांगितलं तसं हेडफोन लावून फक्त आवाजावर लक्ष ठेवून ऐकलं. तो रडत नाही हे खरंच आहे आणि ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नव्हतं. पत्रांच्या लाल रेघांचं कडवं तो ज्या कोरडेपणाने म्हणतो ते भारी आहे. व्हायोलिनं मला अजूनही जास्तच वाटतात, त्यावर मी ठाम. ॲलन जॅक्सनचं बघितलं, त्यात व्हायोलिनं इतकी अंगावर येत नाहीत, ते मला जास्त भिडलं. हे टेनेसीत म्हटलं तर चालेल ना?

मग यूट्यूबने आपोआप 'द ग्रँड टूर' लावलं, आणि ते मला याच्याहून आवडलं! माणूस तुम्हाला घर दाखवायला बोलावतो, ही खुर्ची, हा पलंग, आणि शेवटी बाळाची खोली. त्यात कोणी मरतही नाही. याला कोणी नंबर एक का म्हणत नाही?

बोमाँटकर

१९७४ साली एक नंबरला गेलं होतं ते. तुझ्याशी सहमत होणारे बरेच भेटतील, अर्ध्या दिवशी मीही त्यांतलाच. त्याच्या शेवटच्या दौऱ्यालाही त्याने तेच नाव दिलं होतं. पण टेनेसीत पहिल्याच सोमवारी व्हायोलिनांवर बोलू नकोस, ओळख वाढू दे.

शैला_नॅशव्हिल

'द ग्रँड टूर'चा विषय निघालाच आहे तर चहाटळपणा करतेच. ते तिघांनी मिळून लिहिलंय : नॉरो विल्सन, कार्मोल टेलर आणि जॉर्ज रिची. जोन्सच्या रिकाम्या घराचं गाणं लिहिणाऱ्या या रिचीशी टॅमीने १९७८ साली लग्न केलं.

मुग्धा_क

काय सांगता!! हे सोमवारी आधी सांगते, व्हायोलिनं नंतर.

नचिकेता

मी शब्द मागे घेतो. कंट्रीत चार विषय असतात.